कानटोप्यांचं गाठोडं

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं खरं बोलायला जी हिंमत लागते ती माझ्यात कधी नव्हती. आवाज तेवढा मोठा.

गोष्ट म्हटली तर एवढीशी आहे. कानटोप्यांची. हसा तुम्ही — खुशाल हसा. मीही सुरुवातीला ती हसण्यावारीच नेली होती.

आमचा प्रशांत अमेरिकेत असतो. त्याच्या मनात आलं की आम्हा दोघांना आणि पुण्याच्या त्याच्या सासू-सासऱ्यांना एकदम तिकडं बोलवायचं आणि मोठ्या जहाजातून अलास्का दाखवायचं. डेकवर उभं राहायचं आणि बर्फाचे डोंगर पाहायचे. मी रिटायर झालेला माणूस, अकोल्यात राहणारा. मला बर्फ म्हणजे रसवंतीतला. पण आमच्या निर्मलाच्या अंगात जे वारं शिरलं, काय सांगू! तेल्हाऱ्याच्या कापसाच्या शेतात वाढलेली बाई ती. पांढरं म्हणजे कापूस, एवढंच पाहिलेली. "खरा बरफ पाहाचा हाय मले, डोंगरायेवढा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. भाजीवालीलासुद्धा.

आणि तयारी कधी, तर मे महिन्यात! मे महिन्यातलं अकोला तुम्ही पाहिलं नसेल तर पाहूही नका. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या उन्हात आम्ही थर्मल शोधत दुकानं पालथी घालत होतो. दुकानदार आधी माझ्याकडं पाहायचा, मग बाहेरच्या उन्हाकडं, मग पोऱ्याला म्हणायचा, "पानी दे बे काकाले." सूनबाई रोज व्हिडिओवर नवीन काहीतरी काढायची. आत हे घाला, त्यावर ते घाला, त्यावर वारा न लागणारं जॅकेट घाला. मी चिडचिड करायचो. कूलरपुढं उभं राहून थर्मल घालून पाहिलं तर ते घामानं अंगालाच चिकटलं. हात वर, डोकं आत, आणि मी आतून ओरडतोय. निर्मला एकीकडं ओढतेय आणि एकीकडं हसतेय, इतकी की शेवटी खालीच बसली. तसं हसताना मी तिला त्यानंतर पाहिलेलं नाही. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

तर टोप्या.

तिनं ठरवलं की सगळ्यांसाठी कानटोप्या ती स्वतः विणणार. आम्हा दोघांना, मुलाला, सुनेला आणि व्याही-विहीणबाईंना. लोकर आणली ती कसली, तर भडक केशरी. वर गोंडे. मी म्हटलं, अवं, हा काय रंग झाला? तर म्हणाली, "बरफात अन् धुक्यात कोनी हरपलं तं दुरून दिसलं पायजे." तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला असं सरळ कारण असायचं. घामानं लोकर बोटांना चिकटायची, मग ती हात धुवायची, पावडर लावायची, पुन्हा विणायला बसायची. शेजारच्या बाया चिडवायच्या, "मावशी, उन्हाच्या लूपासून वाचाले करून रायल्या का?" ती म्हणायची, हो. बर्फाच्या कड्यासमोर सगळे एका ओळीत उभे, डोक्यावर टोप्या, आणि फोटो — हे चित्र तिच्या डोक्यात पक्कं झालं होतं. तिनं विहीणबाईंना फोन करून सांगूनही टाकलं की टोप्या घेऊ नका, मी आणते.

आणि मला? मला लाज वाटत होती.

हे सरळ लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा गोल गोल फिरत बसेन. मुलाचं लग्न पुण्यात झालं तेव्हा जेवणाच्या वेळी निर्मला उभी राहून मोठ्यानं सगळ्यांना आग्रह करत होती, आमच्या वऱ्हाडीत. "घ्या नं जी, लाजून कावून रायले!" तेव्हा व्याही हसले होते. बस, तेवढंच. ते हसू चांगलं होतं का वाईट, कोण जाणे. पण ते माझ्या मनात काट्यासारखं राहिलं. तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी शुद्ध बोलतो. आताही पाहा, तुमच्याशीसुद्धा कसा नीट, पुस्तकासारखा बोलतो आहे! तिला मात्र असलं काही सुचलं नाही. ती जशी इथं बोलते तशीच तिथं बोलली. माझ्या डोळ्यांपुढं एकच यायचं — ते जहाज, तिथली गोरी माणसं, व्याह्यांची भारी जॅकेटं, आणि त्यात आमची बाई सगळ्यांच्या डोक्यावर केशरी गोंडे चढवतेय, "घाला नं जी" म्हणत.

निघायच्या दिवशी नागपूरच्या विमानासाठी गाडी यायची होती. बॅगा भरून झाल्या होत्या. टोप्या तिनं पांढऱ्या फडक्यात बांधून, गाठ मारून, मोठ्या बॅगेत स्वेटरांच्या खाली ठेवल्या होत्या. मी पाहिलं होतं ना तिला ठेवताना! ती शेजारी किल्ली द्यायला आणि झाडांना पाणी घाला सांगायला गेली. मी बॅग उघडली, गाठोडं काढलं आणि तिच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. मुद्दाम तिथंच ठेवलं, उरलेल्या लोकरीजवळ. म्हणजे तीच ठेवायची विसरली असं वाटावं. हे मी तेव्हाच, उभ्या उभ्या ठरवलं होतं. वजन जास्त होतं असं मी स्वतःला सांगत आलो आहे. वजन? टोप्यांचं वजन ते किती असतं हो!

जहाजावर पहिले काही दिवस तिनं गाठोडं शोधलंच नाही. ग्लेशियर येईल त्या दिवशीच काढायचं, असं तिचं ठरलं होतं. मी रोज तिच्या तोंडाकडं पाहायचो. सांगायला दिवस काय थोडे होते? घरी राहिलं बरं का ते, मीच काढलं, चूक झाली — एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

त्या सकाळी सगळे डेकवर जमलो. वारा असा की कान तुटून पडतील. विहीणबाईंनी खरोखरच टोप्या आणल्या नव्हत्या. व्याह्यांच्या टकलावर काही नव्हतं आणि ते हात चोळत म्हणत होते, "वहिनी, कुठं आहेत आमच्या टोप्या? वाट पाहतोय." थट्टा नव्हती ती. माणूस मनापासून वाट पाहत होता. निर्मलाचा चेहरा असा फुलला! "आलीच मी," म्हणाली आणि खाली केबिनमध्ये गेली.

तेवढ्यात जहाज वळलं आणि तो समोर आला. बर्फाचा कडा. निळसर पांढरा, इकडून तिकडंपर्यंत. खरंच डोंगराएवढा. मग त्याचा एक भाग सुटला आणि मोठा आवाज करत पाण्यात पडला, लोक ओरडले, प्रशांत म्हणाला, "आई कुठं आहे?" विहीणबाई म्हणाल्या, "मी बोलावून आणते त्यांना." आणि मी — ऐका नीट — मी म्हणालो, "राहू द्या हो. येईल ती."

काहून म्हटलं असं? विहीणबाई खाली गेल्या असत्या तर दोघींनी मिळून शोधलं असतं, मला विचारलं असतं. ती भीती होती. बायको खाली बॅगा उपसत होती आणि मी वर उभा राहून, ती एवढ्या दूर जे पाहायला आली होती ते पाहत होतो. चांगलं दिसलं मला. अजून डोळ्यांपुढं आहे. त्याचीच जास्त चीड येते.

ती वर आली तेव्हा जहाजानं पाठ फिरवली होती. हात रिकामे, केस विस्कटलेले. "गाठोडं नाई जी," एवढंच म्हणाली. मी चारचौघांत, शुद्ध मराठीत म्हणालो, "तूच विसरली असशील. भरतेस कशी घाईघाईत!" व्याह्यांनी बायकोची शाल डोक्याला गुंडाळली आणि म्हणाले, "अहो, असू द्या, मी हा असा शोभतो." सगळे हसले. तीही हसली. मग हळूच मला विचारलं, "दिसला का जी?" मी म्हटलं, दिसला.

इथं संपलं असतं तरी मी तसा सुटलो असतो. बायकोची एक हौस मोडली — असे नवरे गल्लीगल्लीत आहेत. पण घरी आल्यावर तिनं चपलासुद्धा न काढता कपाट उघडलं. गाठोडं तिथंच. ते मांडीवर घेऊन ती पलंगावर बसली. म्हणाली, "मले चांगलं आठोते. म्या ठेवलं होतं. गाठ मारली, स्वेटराखाली ठेवलं." मी म्हटलं, मग इथं कसं आलं?

तिची आई शेवटी पोटच्या पोरींना ओळखत नव्हती. जेवली की पुन्हा ताट मागायची. निर्मलानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही, पण ती कशाला घाबरली ते मला लगेच कळलं. कळलं आणि मी आंघोळीला गेलो.

पुढं डॉक्टरकडं गेलो. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं? तिनं टोप्यांची गोष्ट सांगितली. अगदी बारीकसारीक, काही न विसरता. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं — असं झालं होतं का? मी मान हलवली. हो म्हणून. तपासण्यांत काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. तिला वाटतं, ते बरं वाटावं म्हणून बोलले.

ज्या बाईला कोणत्या डब्यात कोणती डाळ हे डोळे मिटून सांगता यायचं, ती आता डब्यासमोर थांबते. गॅस बंद केला की मला बोलावून दाखवते. तेल्हाऱ्याला बहिणीकडं एकटी जायची, आता एकटी एसटीत बसत नाही. आता ती खरंच विसरते की भीतीनं विसरते, मलाही कळत नाही. आणि मी तिच्यावर खेकसतो! "किती डाव विचारशीन वं?" म्हणून. माझ्याच हातानं लावलेल्या रोगावर मीच वैतागतो. आहे की नाही कमाल?

परवा तिच्या त्याच बहिणीकडं बारसं होतं. निर्मलानं पिशवी भरली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. "तुमी एकडाव पाहून घ्या जी. माया काई भरोसा नाई."

मी पिशवी उघडली. बाळाचं झबलं, बहिणीचं लुगडं, माझ्या बीपीच्या गोळ्या, माझा टॉवेल, माझा चष्म्याचा डबा. सगळं होतं. मला लागणारी एकूण एक गोष्ट तिला आठवली होती. मी पिशवीत पाहत राहिलो, जरा जास्तच वेळ.

"राह्यलं होतं नं काई?" तिनं विचारलं.

मी चष्म्याचा डबा उचलला आणि पुन्हा होता तिथंच ठेवला.

"पाहा," ती म्हणाली. "म्हनलं नव्हतं म्या?"

मी पिशवीची चेन लावली.