मागून आणलेले जव

अम्म शहाताला, म्हणजे आमच्या शहाताकाकाला, कुणी कपभर चहा पाजून दाखवावा, अशी आमच्या गल्लीत पैज लागायची. सगळ्या मन्सूरा शहराला पाजत हिंडणारा हा माणूस, पण कुणाच्या घरचं काही घशाखाली उतरू द्यायचा नाही. मी त्याच्या समोरच्या दारात उभं आयुष्य काढलं. एकदा त्याला मसुरीच्या सुपाचं भांडं नेऊन दिलं, तर संध्याकाळी तेच भांडं संत्र्यांनी भरून परत आलं. पुढच्या वेळी भरलेली वांगी दिली, तेव्हाही संत्रीच.

"तुला काही द्यायची सोय नाही रे बाबा," मी म्हटलं. "संत्री खाऊन खाऊन माझे दात आंबले."

"मी कुणाचं ठेवून घेत नाही, उम्म रजब," एवढं बोलून तो चालू पडला.

त्याचा धंदा ज्येष्ठमधाच्या पाण्याचा. आमच्या इजिप्तमध्ये त्याला एर्कसूस म्हणतात. काळंभोर, कडूगोड, वर दाट फेस. पोटावर पट्ट्याने बांधलेला भलाथोरला पितळी घडा, कमरेला पेले, हातात पितळी झांजा. झांजांचा आवाज आला की तान्ही पोरंसुद्धा मान वळवायची. कमरेत वाकून तो हातभर उंचीवरून धार सोडायचा, पण एक थेंब कधी बाहेर सांडला नाही. घडा त्याच्या बापाचा. तो आतून कधी घासलेला नाही, हे शहाता छाती फुगवून सांगायचा, कारण बापाच्या वेळचा वास म्हणे त्यात मुरला होता. मी नाक मुरडायची आणि रमजानात सूर्य बुडाला रे बुडाला की पहिला पेला मीच उचलायची.

त्याच्या ताठ्याचं मूळ त्याच्या नावात होतं. शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. त्याच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती. हा झाला तेव्हा तिने रिवाजाप्रमाणे दारोदार पदर पसरला, लोकांकडून चिंध्या मागून आणल्या, त्या जोडून याचं पहिलं झबलं शिवलं आणि नावही तेच ठेवलं. हे भिकाऱ्याचं पोर, नेण्यासारखं यात काय आहे, असं मरणाला वाटावं म्हणून. बाई शहाणी होती, पोर जगलं. पण गल्लीतली कार्टी कसली गप्प बसतात! "शहाता भिकारी, माग रे माग!" पिढ्यान्‌पिढ्या हेच. साठीला टेकला तरी हा झांज उगारून त्यांच्यामागे धावायचा.

त्याची बायको केव्हाच गेली. मागे एकच मुलगी, इन्शिराह. तिचा नवरा फिक्री कुवेतला इमारतींवर काम करायचा. पोर सोन्यासारखी, पण दोनदा पोटुशी राहिली आणि दोन्ही वेळा हात रिकामेच. दुसऱ्या वेळेला तर झबली शिवून झाली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा फिक्रीने तिला बापाकडे आणून सोडलं आणि तो कुवेतला परतला. जाताना मला म्हणाला, "खालाजान, लक्ष ठेवा." न ठेवून सांगते कुणाला!

उन्हाळा मरणाचा होता आणि पोरीच्या पोटात काही ठरेना. खाणं एक वेळ उतरायचं, पण पिणं नाही. पाण्याला गंजाचा वास येतो म्हणायची. चहाचं नाव काढलं की तोंडावर पदर. दुधाचा पेला लांबून दिसला तरी उमासे. अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत तिच्या भारी आवडीचं, पण ते डॉक्टरीणबाईंनी आधीच बंद केलेलं. रस्त्यावरचा उसाचा रसही नको म्हणालेल्या, गाड्यावरच्या बर्फाचा भरवसा काय? मी बडीशेप उकळून नेली. तिने माझं मन राखायला एक घोट घेतला आणि तो जसाच्या तसा माझ्या चपलांवर आला.

"माफ करा खाला."

"चपला धुता येतात ग," मी म्हटलं. आणि पदराने तिचे सुकलेले ओठ पुसले.

एक दिवस शहाता फेरीवरून आला आणि घड्यातलं उरलंसुरलं ओतून टाकायला मोरीकडे निघाला. इन्शिराह भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, टाकू नका. मला द्या."

त्याने उंचावरून धार सोडली. पोरीने पेला एका दमात संपवला, ओठांवरचा फेस चाटला आणि म्हणाली, "आणखी." उलटी नाही, उमासा नाही. शहाताचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या धंद्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

गल्लीत ही बातमी पसरली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. डोहाळे लागले! आणि डोहाळे नाकारायचे नसतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नाकारलं तर त्याच वस्तूचा डाग बाळाच्या अंगावर उठतो. मग काय, रोज ताज्या घड्यातला पहिला पेला लेकीला. दुपारी एक, निजताना एक. ज्येष्ठमध म्हणजे औषधच की, त्याने कुणाचं वाईट झालंय? डॉक्टरीणबाईंना सांगायचं तर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बापाच्या हातचं पाणी हे काय डॉक्टरला सांगायचं असतं?

पुढच्या तपासणीला मीही बरोबर गेले. इन्शिराहच्या पायांना सूज होती, चपलेचा पट्टा रुतलेला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाईची नव्हती. तिने रक्तदाब मोजला, थोडं थांबून पुन्हा मोजला.

"काय काय पितेस दिवसभरात?"

इन्शिराहच्या आधी बाप बोलला. "आता काळजी नाही, डॉक्टरीणबाई. माझ्या हातचं एर्कसूस पिते. पोटभर पिते!"

बाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"अम्म, ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. अंगात पाणी साठतं. धडधाकट माणसाने कधी पेलाभर घेतलं तर घेतलं, पण हिला रोज? हिची आधीची दोन..." ती थांबली. "आजपासून थेंबही नको."

"माझ्या बापाने जन्मभर हेच विकलं," शहाता म्हणाला. "लोक दुवा देतात."

"देऊ देत ना. तुम्ही मायेने दिलंत, हे दिसतंय मला. आता मायेनेच बंद करा. गोळ्या लिहून देते. उकळून गार केलेलं पाणी, जवाचं पाणी, लिंबू पिळलेलं, दूध, यातलं काहीही पाजा, पण भरपूर पाजा. अशीच कोरडी राहिली तर मला हिला भरती करून सलाइन लावावं लागेल. हे मूल आपल्याला गमवायचं नाहीये."

घरी आल्यावर शहाताने झांजा खिळ्याला अडकवल्या आणि घड्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी फेरीला गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी जेवण घेऊन गेले तर एवढंच बोलला, "माझ्याच हाताने, उम्म रजब."

"तुझ्या एकट्याच्या?" माझं डोकं तडकलं. "सगळी गल्ली नाचत होती तेव्हा. आता खापर एकट्याच्या डोक्यावर फोडून घेतलंस म्हणजे पोरीच्या घशात पाणी उतरणार आहे का?"

उतरत नव्हतंच. आणि आता उमाशांच्या जोडीला भीती आली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, ही तर पाणीसुद्धा हुंगून बाजूला ठेवायची. पेला पुढे केला की विचारायची, "यात काय आहे? नक्की? खात्री आहे ना, बाबा?" आणि जो बाप आधी सगळ्या शहराला "घ्या, औषध आहे!" असं ओरडून सांगायचा, त्याच्या तोंडून "हो" निघायचं नाही. तो पेला परत घेऊन जायचा. हे बघवत नव्हतं मला.

एका संध्याकाळी मी तिच्या तळपायांना तेल लावत होते, आणि शहाता उंबऱ्यावर पाठ करून बसला होता. इन्शिराह हलकेच म्हणाली, "बाबा, आजीने तुमच्यासाठी दारोदार मागितलं होतं ना?"

तो उंबऱ्यावरची माती नखाने खरवडू लागला.

"माझ्या आधीच्या दोघांसाठी कुणीच नाही मागितलं. याच्यासाठी मागेल का हो कुणी?"

शहाता ताडकन उठला आणि बाहेर निघून गेला. मला इतका संताप आला की मी खिडकीतून त्याच्या पाठीवर ओरडले, "जा, जा! नाक जप आपलं! नातवंडापेक्षा नाक मोठं तुला!"

सकाळी नळावर खरखर ऐकू आली. बघते तर शहाता बाह्या सरसावून घडा घासतोय. वाळू, लिंबाच्या साली, व्हिनेगर. सगळा हात आत घालून बापाच्या वेळचा तो मुरलेला वास खरवडून काढत होता. रमजान तोंडावर आलेला, वर्षाची सगळी कमाई त्या महिन्यातली. मी मुकाट्याने दारातून मागे सरले. घडा घासून झाला, तेव्हा तो त्याने उन्हात उपडा घातला आणि पायी डॉक्टरीणबाईकडे जाऊन विचारून आला: जव, उकळलेलं पाणी, लिंबू, यात चौथं काही नाही, चालेल ना? चालेल म्हणाल्या.

दुपारी गल्लीत झांजा वाजल्या. इतक्या दिवसांनी वाजल्या म्हणून सगळी दारं उघडली. शहाताने पुरा पोशाख चढवला होता, पोटावर घडा, पण घडा रिकामा. पहिला तो माझ्या दारात आला आणि उभा राहिला. झांजा वाजायच्या थांबल्या. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना, आणि हात घड्याचं तोंड झाकत होता.

माझी जीभ मेली वाईट. "ताकाला येऊन भांडं काय लपवतोस?" मी म्हटलं. "माग ना."

त्याने घड्यावरचा हात काढला. "अल्लाच्या नावाने, उम्म रजब. माझ्या पोरीच्या पोटातल्या जिवासाठी... मूठभर जव घाला."

मी आत गेले आणि डब्यापाशी उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून आले आणि मूठभर जव घड्यात सोडले. पितळेवर ते पाऊस पडल्यासारखे वाजले. शेजारच्या दारात त्याला बोलता आलं. त्याच्या पुढच्या दारात तर बायका मुठी भरून वाटच बघत होत्या. ज्यांच्याकडे जव नव्हते त्या वाण्याकडे पळाल्या. कुणी लिंबं दिली. ज्यांच्या ज्यांच्या घरी त्याची संत्री जाऊन पडली होती, त्या सगळ्यांनी त्या दिवशी सूड उगवल्यासारखं त्याला दिलं. त्या दिवशी कार्ट्यांनीही "भिकारी" म्हणून हाक मारली नाही. चिडवायचं ते खरंच घडायला लागलं की मजा जात असावी.

जव निवडले, भाजले, उकळले, गाळले. गार झाल्यावर पाणी त्याच घड्यात भरलं. शहाताने पोशाख उतरवला नव्हता. लेकीच्या खाटेपुढे, चार हातांच्या खोलीत, तो बाजारात उभा राहावा तसा उभा राहिला. झांजा वाजवल्या. कमरेत वाकला आणि हातभर उंचीवरून धार सोडली. फिक्या सोनेरी पाण्यावर फेस चढला.

"यात काय आहे, बाबा?" तिने विचारलं.

"सगळी गल्ली आहे," तो म्हणाला. "दारोदार मागून आणलंय. घे."

तिने हुंगलं. एक घोट घेतला. मी तर सवयीने पाय मागे घेतले. तिने दुसरा घोट घेतला, मग पेला संपवला, ओठांवरचा फेस चाटला. "आणखी आहे?"

गोळ्यांनी गुण दिला, डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला डोळ्यांत तेल घालून तपासलं, त्यांचं श्रेय त्यांना. पण गोळी गिळायलाही पाणी लागतं, आणि ते आमच्या घड्यातलं होतं. इन्शिराहला मुलगी झाली, थोडी आधीच, कबुतराच्या पिलाएवढी. पण पहिला टाहो असा फोडला की बाहेर बसलेल्या आम्ही दचकून उठलो. कौसर नाव ठेवलं, जन्नतमधल्या नदीचं. सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे बाळासाठी मेणबत्त्या लागल्या आणि बायकांनी आधी पोरीचं झबलं वर करून डाग शोधला. डाव्या टाचेवर काळपट ठिपका सापडला.

"बघ," मी शहाताला म्हटलं. "अर्धेच डोहाळे पुरवलेस!"

तो हसला, आणि हसता हसता त्याने पोरीच्या टाचेला डोळे लावले.

त्या रमजानात त्याच्या एर्कसूसला पूर्वीची चव नव्हती. लोक कुरकुरले. तो म्हणायचा, "घडा नवा आहे, जरा दमाने घ्या." आता तो बरोबर जवाच्या पाण्याची सुरई ठेवायचा आणि बाई दिसली की खुशाल विचारायचा, "पोटुशी नाहीस ना ग पोरी?" एका जाडजूड बाईने त्याला यावरून भर बाजारात शिव्या हासडल्या होत्या. कार्टीही पूर्वपदावर आली. "शहाता भिकारी, माग रे माग!" पण हा आता धावायचा नाही. वळून हात पसरायचा आणि म्हणायचा, "हो रे. काय देतोस माझ्या नातीला?" मग पोरं कावरीबावरी होऊन खिशातले भाजलेले शेंगदाणे द्यायची, आणि हा ते रुमालात बांधून घरी न्यायचा.

ईद झाल्यावर एकदा फेरीवरून दमून आला आणि माझ्या पायरीवर टेकला. घडा बाजूला ठेवला, घाम पुसला.

"उम्म रजब," तो म्हणाला, "चहा आहे का ग?"

मी चहा दिला. त्याने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप ठेवला आणि उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसले. संत्री आली नाहीत.