चालूच राहू दे

आमच्या थोरल्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू स्वतःच्या हाताने बंद केलेली नाही. तुम्हाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, पण मी त्यांच्या घरी मुक्काम केलेला माणूस आहे. माणूस हॉलमधून स्वयंपाकघरात गेला की हॉलमधला पंखा कोणीतरी बंद करतं, ही जगरहाटी त्यांना मान्यच नाही. टीव्ही रात्रभर आवाज बारीक करून स्वतःशीच बोलत असतो. स्कूटरवरून निजामपुऱ्याच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला गेले, की स्कूटर रस्त्याच्या कडेला धडधडत उभी आणि हे जुडी हुंगत उभे. एकदा शेजारच्या भल्या माणसाने ती तशी बेवारस धडधडताना पाहिली आणि हे विसरून गेले असावेत असं समजून स्वतःच चालवत घरी आणून लावली. मेहुणे उन्हातून पायी घरी आले. हातात कोथिंबीर, अंगावर घाम आणि दारात स्कूटर. कोणी आणली, कशी आणली, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "बंद कोणी केली?"

माझी बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला 'पाहुणे' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही राहतो दोन गल्ल्या पलीकडे, चहा त्यांच्याकडे माझ्या हाताने करून पितो, तरी मी पाहुणाच. फोन उचलताना ते खणखणीत आवाजात "जय भीम, बोला पाहुणे" म्हणतात, पण फोन ठेवत मात्र नाहीत. म्हणजे बोलणं संपलं की तो तसाच चालू खिशात सरकवतात. कापायचा असेल तर समोरच्याने कापावा. मीही पुष्कळदा कापत नाही, कारण त्या खिशातून मला अख्खी भिवंडी फुकटात ऐकू येते. एकदा ते बोंबलांचा भाव करत होते. मला राहवलं नाही, मी इकडून ओरडलो, "दादा, घेऊ नका, अंबाडीच्या बाजारात स्वस्त आहेत!" तशी कोळीण त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, "मंग त्याला सांग, जा अंबाडीला, नि आण तुझ्यासाठी!" निरोप घेण्याचंही तसंच. "निघतो" म्हणून उंबऱ्यावर उभे राहिले की घरातली माणसं बसून घेतात. उंबऱ्यावरचं त्यांचं बोलणं आतल्या बोलण्यापेक्षा नेहमीच लांबतं.

अशा माणसाने जुन्याला चिकटून बसावं, पण नाही, दादांना नव्याचा भारी सोस. बाजारात नवं काही आलं की ते त्यांच्या घरी पोचलंच म्हणून समजा. फक्त नवं आल्यावर जुनं जात नाही. नवा फ्रीज आला तेव्हा जुना कोपऱ्यात सरकला, आणि आत पाण्याची एकच बाटली घेऊन अजूनही घुरघुरत असतो. नवा मोबाइल उजव्या खिशात, जुना डाव्या खिशात, दोन्ही चालू. कोणी फोन केला की आधी दादा अंगभर चापचापून कोणता खिसा वाजतोय ते शोधतात. आमच्या वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, मोठ्या गमतीच्या. एकदा त्या फ्रीजकडे बघत मला म्हणाल्या, "बरा झाला भावोजी, ह्यांनी दुसरी बायको न्हाय आणली. मला बी तिथंच कोपऱ्यात चालू ठेवली असती."

आता या सगळ्याचं मूळ मला माझ्या बायकोकडून कळलं, ते सांगतो. या दोघांचे वडील निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. लूमच्या धंद्यात शिफ्ट बदलते, पण लूम थांबत नाही. थांबवून पुन्हा चालू केला की कापडात तिथे आडवी पट्टी उमटते आणि माल परत येतो. म्हणून सुटणारा माणूस लूम चालूच ठेवतो, येणारा त्याच्या बाजूला येऊन उभा राहतो, आणि जाणारा विचारतो, "धरलास का?" येणाऱ्याने "धरला" म्हटलं की मगच पहिल्याने हात काढायचा. धरणारा आलाच नाही तर जाणाऱ्याने जायचं नाही. वडील कधी कधी दुपार टळून गेल्यावर घरी यायचे, आणि बायकोची आजी कावली की एवढंच म्हणायचे, "धरणारा आला नव्हता." पुढे त्यांचा तोच लूम दादांनी धरला. काही वर्षांनी दादा कॉम्प्युटर शिकले, मानकोलीच्या एका गोदामात सिस्टिम सांभाळायला लागले, तेव्हा तो लूम त्यांनी गोरखपूरहून आलेल्या एका कामगाराच्या हातात दिला. त्याला "पकडा क्या?" असं हिंदीत विचारलं, उत्तर ऐकलं, आणि मगच हात काढला. अजून छाती काढून सांगतात, "चालूच दिला मी. माझ्या हातात बंद न्हाय झाला."

तर अशा या दादांनी आमच्यासाठी एक वेबसाइट बनवली होती. माझी बायको आणि आमच्या गल्लीतल्या बायका मिळून डबे करतात. भाकरी, वरण, भाजी, ज्याला हवं त्याला सुकट. ऑर्डर सगळी त्या वेबसाइटवर. सकाळी दहापर्यंत माणसांनी फोनवर काय हवं ते निवडायचं, तेवढंच शिजवायचं, दुपारी रिक्षाने डबे रवाना. वेबसाइट चालायची ती आमच्याच मागच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. दादा त्याच्यावर ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा घालायचे, धूळ बसू नये म्हणून. त्याच्या आत सर्व्हर असतो, म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "गडी समजा पाहुणे. दारात उभा. माणूस आला की विचारतो काय पायजे, आणि आतून आणून देतो." तो गडी बसवल्या दिवसापासून दारात उभा होता. लाइट गेली तर बॅटरीवर उभा, पण उभाच.

त्या दिवशी मानकोलीचं एक मोठं गोदाम पहिल्यांदा आमच्याकडून डबे घेणार होतं. सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं होतं, आज नीट आले तर रोज तुमचेच, गडबड झाली तर आमचा दुसरा माणूस तयार आहे. बायकोला त्या आनंदात झोप लागली नव्हती. शेजारच्या मावशी एरवी स्वतःच्या चुलीशिवाय दुसऱ्या कोणाच्या चुलीपाशी पीठ मळत नाहीत, त्याही परातीसकट हजर होत्या. आणि नेमकी हीच सकाळ दादांनी सर्व्हरच्या अपग्रेडसाठी निवडली. "एवढा मोठा गिऱ्हाईक येतो, नि गडी जुना? शोभतं का?" म्हणाले, आणि चहाच्या आधीच मागच्या खोलीत शिरले.

थोड्या वेळाने बायकोने फोनवर वेबसाइट उघडली. मेनू नाही, भाकरी नाही, सुकट नाही. पांढऱ्याफटक पानावर इंग्रजीत दोनच शब्द, 'इट वर्क्स'. म्हणजे चालतंय.

"काय चालतंय?" बायको किंचाळली. "दादा, काय चालतंय हे?"

"थांब बाय, नवा गडी उठत न्हाय," आतून दादांचा आवाज.

मी आत गेलो. दादा नव्या सर्व्हरला उठायचा हुकूम द्यायचे, तो एक लाल ओळ थुंकून पुन्हा आडवा व्हायचा. दादांनी आधी इंटरनेटच्या वायरवर संशय घेतला, ती काढून फुंकून लावली. मग व्होल्टेजवर, कारण भिवंडीत काहीही बिघडलं की पहिला मान व्होल्टेजचा. मग नव्या गड्याचं सगळं सामान पुसून पुन्हा नव्याने बसवलं. तो पुन्हा आडवा. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण घरच्या कुठल्याही यंत्रावर चालणारा एक उपाय मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "दादा, सगळंच एकदा बंद करून चालू केलं तर?"

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या आईबद्दल काही वावगं बोललो होतो. "पाहुणे," ते हळूच म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बसण्यासारखी परिस्थिती नव्हती. बायको सुपरवायझरला फोन लावत होती, तो गाड्यांतला माल उतरवून घेण्यात गुंतलेला, फोन उचलत नव्हता. दहा वाजत आले होते. किती भाकऱ्या थापायच्या, कोणाला सुकट, कोणाला नको, काहीच कळायला मार्ग नव्हता. मावशींनी पिठात हात तसेच ठेवले होते, जणू काढले तर पीठ रागावेल. बायकोच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तसा मी पुन्हा मागच्या खोलीत आलो.

दादा आता ती लाल ओळ शब्द शब्द लावून वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला. "जागा भरलेली हाय म्हणतो." त्यांनी दाराशी कोण उभं आहे ते बघायचा हुकूम दिला, आणि पडद्यावर नाव आलं ते जुन्याच गड्याचं. दादांनी नवा आणला होता, मेनूची सगळी पानं नव्याच्या हवाली केली होती, फक्त जुन्याला जा म्हणून सांगितलंच नव्हतं. दार एकच. जुना बिचारा रिकाम्या हातांनी दारात उभा राहून येईल त्याला 'चालतंय, चालतंय' सांगत होता, आणि नव्याला पाय ठेवायला जागा नव्हती. ही चूक जगात दुसरा कोणी सर्व्हरवाला करील की नाही मला माहीत नाही. लूमवरून आलेला माणूस ती शंभर टक्के करील.

"मग घालवा ना त्याला!" मी म्हणालो.

"घालवायचा म्हंजे काय माहिती हाय? बंद करायचा." दादांचं बोट कीबोर्डवर होतं, पण खाली जाईना. "नवा धरल्याशिवाय जुना कसा सोडू? मधे बंद पडंल ना. नि नवा न्हायच उठला तर?" भरल्या घरात, माझ्यासमोर, एवढा थोरला माणूस एका बटणापुढे अडून बसला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

बायको पदराला हात पुसत आत आली. तिने काय झालंय ते ऐकलं. मला वाटलं आता भावाला चांगली झाडते. पण तिने एक स्टूल ओढलं आणि दादांच्या बाजूला बसली, अगदी खांद्याला खांदा लावून, येणाऱ्या माणसाने उभं राहावं तशी.

"दादा, तू हुकूम लिही. बटण मी दाबते."

"मधे थांबंल, बाय."

"थांबू दे. पापणी लवते तेवढा. मी आहे ना इथं."

दादांनी जुन्याला थांबवायचा हुकूम लिहिला आणि नव्याला उठवायचा त्याच्याच पुढे लिहिला. मग बहिणीकडे न बघता विचारलं, "धरलास का?"

"धरला," बायको म्हणाली, आणि पीठ लागलेलं बोट तिने बटणावर टेकवलं.

नवा गडी उठला. पांढऱ्या पानाच्या जागी मेनू आला, आणि लगेच बायकोचा फोन वाजायला लागला. मानकोलीची पोरं दाराबाहेर ताटकळत होती बहुधा, ऑर्डरी धबाधबा पडल्या. मावशींचे हात पिठात पुन्हा चालू झाले. डबे थोडे उशिरा पोचले, पण भाकरी गरम होती, आणि संध्याकाळी सुपरवायझरचा निरोप आला, उद्यापासून रोज. त्या कीबोर्डच्या बटणावर पीठ सुकून राहिलं होतं. दादांनी ते कोणाला पुसू दिलं नाही.

यंदा दादा नाशकाला मुलाकडे राहायला गेले. गुडघे दुखतात, वहिनींनाही जिना झेपत नाही. जाण्याआधी त्यांनी माझ्या बायकोला सर्व्हरचं सगळं शिकवलं. मला शिकवायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही, आणि ते योग्यच होतं. टेम्पोत सामान भरलं, दोन्ही फ्रीज भरले. निघायच्या दिवशी ते आमच्या उंबऱ्यावर उभे राहिले. "निघतो," म्हणाले. आम्ही सवयीने बसून घेतलं. पण मागच्या खोलीतून त्या कॉम्प्युटरचा बारीक घरघर आवाज येत होता, आणि ते नुसतेच तो ऐकत उभे होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. शेवटी माझी बायको उठली, त्यांच्या जवळ गेली आणि त्यांनी न विचारताच म्हणाली, "धरला, दादा." मग ते वळले आणि जिना उतरले.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "जय भीम. चालू हाय ना?" "चालू हाय दादा." दोन इकडचं, दोन तिकडचं बोलतात, आणि फोन तसाच चालू खिशात सरकवतात. मग त्या खिशातून नाशिक ऐकू यायला लागतं. स्कूटर, भाजीवाला, वहिनींची हाक. बायको फोन चुलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवते आणि भाकऱ्या थापायला घेते. परवा मी स्वयंपाकघरात आलो, पलीकडे कोणी बोलत नव्हतं, म्हणून फोन कापायला हात पुढे केला.

"राहू दे," ती मागे न बघता म्हणाली. "चालूच राहू दे."