तिच्या वतीने दिलेली उत्तरं

आम्ही उज्जैनमध्ये माधवनगरला राहतो, म्हणजे महाराष्ट्रातल्या समस्त नातेवाइकांची धर्मशाळा चालवतो. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आमच्याकडेच उतरतो, आणि चहा संपायच्या आत माझ्या मुलीला बाहेर बोलावून विचारतो, ‘काय गं, मराठी येतं का?’ तिच्या बोलण्यात हिंदी आलं की सगळे हसतात. प्रेमानेच हसतात म्हणे. मला त्या प्रेमाचा वीट आला होता.

नववीत गेल्यावर तर शाळेत हजेरी देतानाही तिचा आवाज फुटेना. रोज सकाळी पोट दुखायचं, हात गार पडायचे. सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. नवरा म्हणायचा, ‘लाजाळू आहे, होईल ठीक.’ एका महिन्यात अकरा दिवस शाळा बुडाली, तेव्हा कुठे आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी आजाराला नाव दिलं, अँग्झायटी. ज्याची भीती वाटते ते टाळत राहिलं की भीती वाढते, थोडं थोडं करत गेलं की उतरते, असं समजावलं. मग माझ्याकडे वळल्या. ‘और मम्मी, उसकी तरफ़ से जवाब देना बंद कीजिए.’ मला रागच आला. मी मुलीला सांभाळत होते, छळत नव्हते.

तरी पहिली पायरी ठरली. पुढच्या पाहुण्यांच्या एका प्रश्नाला तिने स्वतः उत्तर द्यायचं आणि मी तोंड मिटून बसायचं.

नवऱ्याची पुण्याची आत्या आली. मुलगी आपणहून पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली.

‘कितवीत आहेस गं?’

ती थांबली. आत्याबाईंच्या ओठांवर ते ओळखीचं हसू येऊ लागलं, आणि मी म्हणून गेले, ‘नववीत. जरा लाजते ती.’

ट्रे ठेवून ती आत गेली. रडत असेल म्हणून मी मागोमाग धावले. ती रडत नव्हती, चिडली होती.

‘मी बोलणार होते, आई. मला टाइम लागतो, बस. तुलाच दम निघत नाही.’

त्या हसण्याला तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते, हे तिला कसं सांगावं ते मला कळेना.