फाटकाबाहेरून दिलेलं आवतन

मी आधी किल्ला पाहिला आणि मग बैल. एवढीच चूक केली.

लम्पीच्या साथीचं वर्ष होतं. गुरांच्या अंगावर गाठी उठत होत्या, बैलबाजार बंद, पोळा भरवायला मनाई. मौद्यापलीकडे शेती करणाऱ्या माझ्या मामेभावाच्या जोडीतला एक बैल त्यातच गेला. उरलेल्याला त्यानं मच्छरदाणी लावलेल्या गोठ्यात जपून ठेवलं होतं. पण जोडीदार गेल्यापासून तो चारा नुसता हुंगायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या घरात हे म्हणायचा मान लहानपणापासून माझा. दुसरा कुठलाच मान मला कुठं मिळालेला नाही, म्हणून हा मी सोडत नाही. भावाचा फोन आला, "येजो बाप्पा. तुया आवाजानं खाईन तो."

प्रतापनगरच्या घरून निघालो तो थेट जायचं सोडून नगरधनच्या किल्ल्याकडे वळलो. पुरातन वास्तू म्हटलं की माझी गाडी आपोआप वळते. किल्ल्याच्या दरवाजातच एक गाय बसलेली. मला कमानीचा मोकळा फोटो हवा होता, ती उठेना. लाडीगोडी म्हणून तिचा गळा खाजवला. हाताला बोरांएवढं काहीतरी लागलं. गोचीड असतील, असं मी स्वतःला समजावलं. मग तिच्यासकटच फोटो काढला.

भावाच्या फाटकाशी पोचताच कौतुकानं मोबाइल पुढे केला. "पाहा, किल्ल्याची राणी."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"गाठी आहेत हिच्या अंगावर. हात लावला का तिले?"

"गळा खाजवला. थोडासा."

"काहून?"

त्यानं मोबाइल फाटकाच्या खांबावर ठेवला, कडी लावली आणि हात धुवायला गेला.

हळद-तुपाची वाटी वहिनींनी उचलली. त्या गोठ्यात खांदे चोळत होत्या आणि मी रस्त्यावर उभा राहून, जे कानाशी म्हणायचं ते ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडून म्हणत होतो. बैलानं कान टवकारले. माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे. खुंट्याला दावं अजून तसंच होतं. वहिनींनी ओंजळीतली कणीक पुढे केली. त्यानं एक घास घेतला, दुसऱ्याला मान फिरवली. वहिनी ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, एक घास म्हणजे सुरुवात तरी झाली. भावाला म्हणालो, "उद्या आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून लवकर येतो. पुरणपोळी मीच चारीन."

"आवतन त्याले दिलं ना गा," तो म्हणाला. "तुले कोणी दिलं? तू येऊ नको."