सायीची परीक्षा

इंजिनाच्या प्लगवर काजळी साचते, तसे आमच्या रविवारच्या मंडळात किस्से साचतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. अधूनमधून खरवडून काढावे लागतात, इतकंच. मंडळ चौघांचं: मूळचे सटाण्याचे, आता पंचवटीत स्थायिक झालेले कांदा-व्यापारी खैरनार अण्णा, कार्बोरेटरचे कारागीर सलीमभाई, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले साठेकाका, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात इंजिनं शिकवणारी मी. पाचवी सभासद म्हणजे अण्णांच्या वडिलांनी घेतलेली, वयाने माझ्याहून मोठी अशी काळी मोटार. लेकीची पाठवणी तिच्यातूनच करायची, हा अण्णांचा हट्ट. थांबली की बंद पडणारी गाडी मांडवाच्या दारात आणायची नाही, हा त्यांच्या पत्नीचा, मालतीवहिनींचा.

*

वहिनींच्या हट्टाला इतिहास आहे. भाच्याच्या लग्नाला सटाण्याला निघालेली ही दोघं चांदवड सोडल्यावर घाटात अडकली. मागून अण्णांचाच कांद्याचा टेम्पो आला.

"तू टेम्पोत बस," अण्णा म्हणाले, "मी आलोच गाडी घेऊन."

टेम्पो आधी मार्केटला गेला. माल उतरला, आणि मग वहिनी मांडवात पोचल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. "यांचा कांदा वेळेवर पोचला," असं त्या अजूनही पाहुण्यांना सांगतात. त्या दिवसापासून त्या या गाडीत बसलेल्या नाहीत.

*

सलीमभाईंवर नम्रतेचा आरोप कोणी करणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सायलेन्सरमागे उभं राहून धुराचा वास घेतला आणि निकाल दिला, "मॅडम, ही गाडी जेवत नाही. नुसती खाते."

मी म्हटलं, "पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. मिश्रणाचं प्रमाण बिघडलेलं आहे."

"तेच बोललो मी. फक्त माझं लवकर संपलं."

*

कार्बोरेटर उघडला त्या दिवशी साठेकाकांनी पांढरी चादर अंथरायला लावली. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर त्याच क्रमाने चादरीवर. सलीमभाई वैतागले. "काका, हे काय विमान आहे का?"

"विमान हवेत बंद पडलं तर उतरून ढकलता येत नाही," काका शांतपणे म्हणाले. "त्यामुळे ही सवय."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "हिला ढकलायला मी लय मान्सं जमवली, काका. आता तीबी फोन उचलत नाय."

*

कार्बोरेटर स्वच्छ झाला, नवे भाग बसले, आणि तरीही इंजिनाचा सूर एका जागी ठरेना. चढायचा, उतरायचा, मधेच गचका द्यायचा. सलीमभाईंनी दोष पेट्रोलला दिला, काकांनी रबरी नळ्यांना, अण्णांनी नजरेला. अण्णा घरातून उदबत्ती घेऊन आले.

"पेट्रोलच्या इंजिनाजवळ विस्तव आणू नये," मी म्हटलं. "हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते."

"लांबूनच ओवाळतो, मॅडम."

त्यांनी सुरुवात खरोखरच लांबून केली, पण ओवाळता ओवाळता हात जवळ गेला. इंजिन चालू होतं, आणि तपासणीपुरता पंख्याचा पट्टा आम्ही काढून ठेवला होता, म्हणून वारा अजिबात नव्हता. धुराची सरळ वर जाणारी रेघ मधेच वाकली, कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या जोडाकडे गेली आणि आत नाहीशी झाली. तिथून इंजिन चोरून हवा ओढत होतं. मीही थक्क होऊन पाहत राहिले.

"देवानं दाखवलं," अण्णा म्हणाले.

"हवेच्या दाबाने दाखवलं."

"दोघांना नमस्कार करा," सलीमभाई पाना उचलत म्हणाले, "आणि आधी ती उदबत्ती बाहेर न्या. मग त्या जोडातलं गॅस्केट बदलू."

*

आता उरली परीक्षा. ती सलीमभाईंच्या उस्तादांची. चालू इंजिनावर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. चहावर साय धरली आणि न फाटता टिकली, तर गाडी पास.

माझा विश्वास नव्हता. साय दुधावर अवलंबून, वाऱ्यावर अवलंबून. म्हणून त्याच पातेल्यातल्या चहाचा दुसरा ग्लास मी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवू लागले. सलीमभाई त्याला 'मॅडमचा वकील' म्हणत. वकिलाची साय दर वेळी अखंड, इंजिनावरची दर वेळी सुरकुतून फाटलेली. सलीमभाई दोन्ही चहा पिऊन टाकत, "नापास" म्हणत आणि मिश्रणाचा स्क्रू केसभर फिरवत.

लग्नाआधीचा शेवटचा रविवार आला. वहिनींनी सकाळीच जाहीर केलं होतं, "आज मी बसते. बंद पडली तर पाठवणीला भाड्याची गाडी सांगायची, आणि ही दारातून हलवायची. पुन्हा विषय नको." अण्णांनी समोरच्या पोह्यांना हातही लावला नव्हता.

गाडी सुरू केली, दोन ग्लास ठेवले आणि आम्ही थांबलो. काकांनी चष्मा पुसला. बऱ्याच वेळाने मी भिंतीवरचा ग्लास उचलून आणला आणि इंजिनावरच्या ग्लासाशेजारी धरला. दोन्हीकडे साय. दोन्ही सपाट, दोन्ही अखंड. कुठली कुठे धरली होती, हे मला नुसतं पाहून सांगता आलं नसतं. एवढ्या धातूच्या आत स्फोटामागून स्फोट होत होते, आणि वर एक सुरकुती नव्हती. सलीमभाईंनी ग्लास काढून घेतला आणि इंजिन तसंच चालू ठेवून बॉनेट हलकेच लावलं.

अण्णा स्टिअरिंगवर जाऊन बसले. वहिनी बाहेर आल्या. कोणाकडे न पाहता मागचं दार उघडून आत बसल्या, पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली. मागची काच वर होती, अण्णांच्या बाजूची खाली. आम्ही तिघे भिंतीशी उभे. उभ्या गाडीचीच परीक्षा होती, म्हणून अण्णांनी गिअर टाकला नाही. मग वहिनी जरा पुढे वाकल्या.

"बसले मी," त्या म्हणाल्या. "आता सुरू करा की."