टाकीवाले साहेब

साबणाच्या फेसावर इतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आमचे हे शेजारी उभी नोकरी दक्षिणेत रॉकेटच्या इंधनाच्या टाक्या घडवत होते, आणि निवृत्त होऊन सानगडीला परतले ते पेन्शनीबरोबर एक सवयही घेऊन आले. जे बंद दिसतं ते खरोखर बंद आहे का, हे साबणाचं पाणी लावून पाहायचं. बुडबुडा आला तर गळती आहे, नाही आला तर नाही. गॅसची नळी, सायकलची ट्यूब, प्रेशर कुकर, कुणाचीच सुटका नव्हती. माझ्या बायकोने त्यांना पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा चहा निवून पाणी होईपर्यंत ते आमच्या सिलिंडरसमोर उकिडवे बसून होते. उठताना गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचं घर सुरक्षित आहे." बायकोने हे प्रमाणपत्र पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं.

टाकीवाले हे नाव त्यांच्या आईच्या कृपेने पडलं. पोरगा नोकरीत नेमकं करतो तरी काय, असं त्या माउलीने एकदा विचारलं होतं. कामाबद्दल फार बोलायची मुभा नव्हती, म्हणून यांनी "टाक्या बनवतो" एवढंच सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण म्हातारीने ते गावभर केलं आणि गावाने आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. साहेब परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अंगणात गळके फवारणी पंप, चिरलेले ड्रम आणि कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी येऊन पडली. दुसरा कुणी असता तर त्याने गैरसमज दूर केला असता. यांनी चष्मा पुसला आणि पहिला पंप उघडला. "रॉकेट काय आणि पंप काय, वॉशर दोघांनाही लागतो," एवढंच म्हणाले. बोलायचे मात्र अगदी पुस्तकातलं मराठी. इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर गावची बोली त्यांच्या जिभेवरून पुसून गेली होती. कुणी 'का'ऐवजी 'काहून' किंवा 'कायले' म्हटलं की ते नुसते हसायचे.

पण टाक्या हा झाला धंदा. त्यांचा जीव होता मुलीत. मुलगी पाच वर्षांची असताना बायको गेली, आणि ह्या गृहस्थाने वेणी घालायची कशी हे आधी कागदावर आकृती काढून समजून घेतलं. दोन्ही वेण्या पट्टीने मोजून सारख्या. एक जरा लांब भरली तर दोन्ही सोडून पुन्हा सुरुवात, मग शाळेची बस गेली तरी चालेल. पोरीला ताप आला की भिंतीवर तापाचा आलेख लागायचा, आणि एका डॉक्टराने तो कौतुकाने मागून नेला म्हणे. हे मला त्यांनीच सांगितलं, म्हणून मी 'म्हणे' म्हणतो. पुढे मुलगीही बापाच्या वाटेने इंजिनिअरिंगला गेली, आणि दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिने जाहीर केलं की कॉलेज सोडून तिला गावच्या जमिनीत धान पिकवायचं आहे. बापाने का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. त्याच वर्षी निवृत्ती होती. सामान बांधलं आणि तिच्याबरोबर निघून आले.

मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. मला हे मुळीच पटलं नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलं. जमीन त्यांचा चुलतभाऊ वाहत, म्हणजे कसत होता, तो तर हसलाच. "एक साल करू द्या तिले," तो म्हणाला. "नाई जमलं तं जमीन पुन्हा माह्याकडं, अन् पोरीले कालेजात टाका." साहेबांनी शब्द देऊन टाकला. म्हणजे त्या पोरीचं सगळं आता एका पिकावर आलं.

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, झकास आले, आणि ते उपटून चिखलात लावायची रोवणीही झाली. भादव्यात पावसाने दडी मारली. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या धरायच्या बेतात, आणि भरवसा फक्त वरच्या बोडीचा, म्हणजे मातीची पाळ घालून अडवलेल्या लहानशा तळ्याचा. तिचं पाणी मात्र वाजवीपेक्षा भराभर उतरत होतं. साहेबांनी पाण्यात खुणा केलेली काठी रोवली, दोन दिवस ऊन-वारा वहीत टिपला आणि निदान केलं की पाळ गळते आहे. गाव निश्चिंत झालं. "साहेब तं टाकीवालेच हायेत, त्यायले काय!" साहेबांनी पाळीवर दोन बादल्या साबणाचं पाणी ओतलं, ते मातीने पिऊन टाकलं. मग बोडीत नीळ घातली. पाणी निळं झालं, पाटलाच्या म्हशीने तोंड फिरवलं, पण पाळीबाहेर निळा थेंब कुठे दिसेना. "बाबा, कुणाला तरी विचारू या ना," मुलगी म्हणाली. "आयुष्यभर टाक्याच केल्या मी!" तिच्यावर त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. पाणी रोज चार बोटं खाली जात होतं.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पाळीवर होतो. खाली मुलगी टोकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, बादलीने पाणी घालत होती, एवढ्याशा बादलीने एवढी मोठी बांधी. साहेब बराच वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी बूट काढले आणि पलीकडे गवत कापणाऱ्या चंद्रभागाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. ह्या बाईंचा जन्म चिखलात रोवणी करण्यात गेलेला. "मावशी," साहेब म्हणाले, "मले समजून नाई राहिलं वं. तू पाहून दे ना." मी चमकलो. त्यांच्या तोंडी 'मले' मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनाही बहुधा ते म्हटल्यावरच कळलं.

"मंग एवढे दिवस काहून नाई विचारलं?" म्हातारीने विळा खाली ठेवला. "बूट घालून हिंडाल तं पाळ कायले सांगन तुमाले?" ती पाळीच्या पायथ्याने अनवाणी चालत गेली आणि एका जागी थबकली. "हे पाहा, गार लागते इथं." उकरलं तर खेकड्याचं बीळ, हात जाईल एवढं. त्यात चिकणमाती आणि धानाचं वाळलेलं तणीस कोंबून सगळ्यांनी पायांनी तुडवलं. साहेबही पँट वर करून, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तुडवत होते. पाणी थांबलं आणि धान पिकलं. चुलतभावाने खळ्यावर येऊन दाणे हातावर चोळून पाहिले आणि म्हणाला, "वाह्य बाई, आता तूच वाह्य."

त्या दिवशी घरी येताना साहेब म्हणाले, "लोकांना वाटतं मी मुलीला मोकळीक दिली. खरं म्हणजे मी भ्यालो होतो, गुरुजी. का सोडलंस विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, इतकी वर्षं तुमच्यासाठीच शिकत होते, तर?" मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. माझ्या मुलांना मी एवढं भिऊन कधी वागलो नाही, याची लाजही वाटली.

यंदाच्या रोवणीत ते भंडाऱ्याला दवाखान्यात होते. मुलगी खाटेजवळून हलेना, आणि ह्यांचा एकच धोशा, "जा बेटा, पऱ्हे थांबत नाहीत." मी बसतो म्हटल्यावर ती कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "रोवणी किती झाली?" मला काय ठाऊक! मी आपलं ठोकून दिलं, "अर्धी झाली, साहेब." त्यांनी मान हलवली, जरा काळजीत पडल्यासारखी. तासाभराने ते गेले.

हे फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी सानगडीला पोचलो तेव्हा शेतात बायकांचं गाणं चाललं होतं. मला शेताच्या कडेला, धुऱ्यावर पाहून ते आपोआप थांबलं. मुलगी हातातली पऱ्ह्यांची जुडी घेऊन तशीच माझ्यापर्यंत आली.

"काही म्हणाले का?" तिने विचारलं.

"रोवणी किती झाली, विचारलं."

"मग?"

"अर्धी म्हटलं."

तिने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बांधीचा एक कोपरा तेवढा उरला होता. "अर्धी काहून सांगितली, काका?" ती म्हणाली. "झाली म्हणून सांगायचं ना." आणि तिथेच धुऱ्यावर बसून ती रडायला लागली. खरं आहे तिचं. झाली म्हणायला माझं काय जात होतं?