नुसतं ‘सुभेदार’

बाबांनी आपले सगळे मूळ कागद एका एजंटाकडे ठेवलेत हे कळलं, तेव्हा मी आधी बाबांवरच चिडले. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा अहवाल, सगळं. तोफखान्यातल्या नोकरीत त्यांचे दोन्ही कान गेले. त्याबद्दलची अपंगत्व पेन्शन नाकारली गेली होती आणि अपील करायचं तर हेच कागद लागणार होते.

“रिटायर्ड कॅप्टन साहेब आहेत ते,” बाबा म्हणाले. “आपलाच माणूस.”

आपल्या माणसाने आगाऊ पैसे घेतले होते, मिळणाऱ्या थकबाकीतला मोठा वाटा बाबांच्या सहीने लिहून घेतला होता आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं होतं. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी कार्यालयात हेच काम फुकट होतं. बाबांना ते माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, पण तो कशाला सांगेल?

मी बाबांना घेऊन विश्रांतवाडीहून सदाशिव पेठेत त्याच्या ऑफिसात गेले. खाली क्लास, वर हा. बाहेरच्या खोलीत बाबांच्याच वयाची काही माणसं मांडीवर पिशव्या घेऊन ताठ बसली होती. आत भिंतीवर रणगाड्याचा मोठा फोटो. खुर्चीतून न उठता तो म्हणाला, “या सुभेदार, बसा.”

बाबा हसून बसले. मी उभीच राहिले.

माझं लहानपण फौजी क्वार्टर्समध्ये गेलंय. बाबा सुभेदार झाले तेव्हापासून नुकतं मिसरूड फुटलेला लेफ्टनंटसुद्धा त्यांना ‘साहेब’ म्हणायचा. कर्नलही म्हणायचे. रागावले असले तर आधी ‘साहेब’ म्हणायचे आणि मग झाडायचे. अधिकारी सुभेदाराला नुसतं ‘सुभेदार’ म्हणत नाही. नोकरीला लागल्या लागल्या त्याला ते शिकवलं जातं. हा माणूस कॅप्टन नव्हता. कधीच नव्हता. बाबांना ते कळलं नाही, कारण त्याची हाक त्यांना ऐकूच येत नव्हती. ज्या कानांसाठी ते त्याच्याकडे गेले होते, त्याच कानांचा त्याने फायदा घेतला होता.

त्या क्षणी मी ठरवलं की याला सोडायचं नाही. पण क्रम चुकवून चालणार नव्हतं. आधी भांडले असते तर कागद गायब झाले असते. काम चालू आहे म्हणाला, मी मान डोलावली. मग सांगितलं, की बाबांच्या जुन्या सोबत्यांपैकी आणखी काही जणांना केस द्यायची आहे, फक्त मूळ कागद इथे नीट राहतात का ते बघून या म्हणालेत. साफ खोटं. त्याने लगेच उठून कपाट उघडलं आणि बाबांची फाइल माझ्यासमोर ठेवली. बाबांसाठी मात्र उठला नव्हता.

एकेक कागद माझ्या यादीशी ताडून पाहिला, फाइल पर्समध्ये टाकली, चेन लावली. मग दार सताड उघडलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कॅप्टन, तुमची रेजिमेंट कुठली?”

“ते गोपनीय असतं, मॅडम.”

“असेल. पेन्शनही गोपनीयच येत असेल.”

बाहेर कुणीतरी हसलं. मग काठी टेकत एक उंच गृहस्थ दारात आले आणि शांतपणे म्हणाले, “माझे कागद द्या.” त्यांच्यामागे बाकीचे कुणी न सांगता रांगेत उभे राहिले. तो कपाटासमोर वाकून फाइली काढत होता आणि मी बघत होते. घाई नव्हती मला.

बाबांचं अपील मी सरकारी कार्यालयातूनच दाखल केलं. दुसरीकडे ग्राहक आयोगात तक्रार केली, वकील न घेता. तक्रार मागे घ्या, पैसे परत देतो, असे त्याचे निरोप यायला लागले. मी उत्तर दिलं नाही. आयोगापुढे तो म्हणाला, आपण फक्त सल्लागार आहोत. ‘कॅप्टन’ छापलेलं त्याचं कार्ड मी पुढे सरकवलं. निकाल आमच्या बाजूने लागला. आगाऊ घेतलेले पैसे परत, वर नुकसानभरपाई. त्याने ती भरली, पाटी काढली आणि बुधवार पेठेत दुसऱ्या नावाने ऑफिस थाटलं.

मी आयोगाच्या आदेशाच्या झेरॉक्स काढून आणल्या. बाबांनी टेबलावरचा गठ्ठा पाहिला.

“कागद मिळाले, पैसे मिळाले. आता बस कर,” ते म्हणाले. “समोरच्याने हत्यार टाकलं की आपण गोळी झाडत नाही.”

त्यांच्या कानाशी वाकून मी मोठ्याने सांगितलं, “बाबा, टाकलेलं नाही. जागा बदललीय फक्त.”

पेन्शनर मंडळी सकाळी फौजी कॅन्टीनसमोर रांग लावतात, तिथे मी एकटीच गेले. प्रत्येकाच्या हातात एक प्रत दिली. नवा पत्ता वर मोठ्या अक्षरात लिहिला होता, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.